मार्लिसचा माळा

मार्लिस तुरुनेन पन्नाशीला टेकली तेव्हा पहिल्यांदा झाडावर चढली, आणि चढली ती रागाच्या भरात.

आमच्याकडे, मिशिगनच्या या वरच्या टोकाला, नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला बंदुकीने हरणं मारायचा मोसम उघडतो. त्या दिवशी शाळा बंद, गॅरेज बंद, दातांचा डॉक्टरसुद्धा बंद. ज्याचा दात दुखेल त्याने गाल धरून बसावं. गावातले पुरुष आदल्या दिवशीच आपापल्या कॅम्पवर जाऊन पडतात. मार्लिसचा नवरा ग्लेन आणि त्याचा थोरला भाऊ वेस यांचा कॅम्प त्यांच्या वडिलांनी बांधलेला. रानात ओंडक्यांची एक खोली, भिंतीला वरखाली फळ्यांचे बिछाने, मागे वाफेने अंग शेकायची सौना. तिथे बायकांना मज्जाव. बायका आल्या की शिव्या जपून द्याव्या लागतात, असं वेसचं म्हणणं. मार्लिसच्या मते खरं कारण पायमोजे. आठवडाभर एकच जोडी घालता यावी म्हणून एवढा मोठा कायदा.

लग्न झाल्यापासून तिचं काम ठरलेलं होतं. चौदा तारखेला खिमा-बटाट्याच्या पास्ट्या, मोठ्या करंज्यांसारख्या, भाजायच्या, टॉवेलात गुंडाळून कॅम्पवर पोचत्या करायच्या आणि परत यायचं. एका वर्षी ती बर्फाळ पावसात गाडी हाकत गेली. वेसने दारातून ट्रे घेतला, गरम आहेत ना असं विचारलं आणि दार लावून घेतलं. आत ये, कॉफी घे, हात शेक, काही नाही. आत ग्लेन पत्ते पिसत बसला होता. दार मिटता मिटता तो मान वर करून हसला. मार्लिस गाडीत येऊन बसली आणि बराच वेळ तिने गाडी सुरूच केली नाही. मग गावात येऊन तिने शिकारीचं लायसन काढलं.

ग्लेनला वाटलं, रुसवा आहे, नाताळपर्यंत उतरेल. पण त्या हिवाळ्यात सुट्टीचा दिवस आला की ही बाई सरकारी रानात, बर्फावर उमटलेले खुरांचे माग धरून हिंडायची. बरेचसे माग तिला ओल्या पायांनी घरीच आणून सोडत. पण शेवटी दोन दलदलींच्या मधोमध एक अरुंद कोरडी धार तिला सापडली. इकडच्या हरणांना पाय न भिजवता तिकडे जायचं तर तेवढी एकच वाट. धारेवर हेमलॉकचं एक जुनं झाड उभं होतं. पुढच्या मोसमात तिने त्याला पट्ट्यांनी मचाण आवळलं, वर जाऊन बसली आणि त्या जागेला नाव दिलं माळा.

घरातली जादा खोली ग्लेनच्या स्नोमोबाइलच्या सुट्या भागांनी भरलेली. स्वयंपाकघर तर काय, सगळ्यांचंच. बाईला स्वतःची म्हणावी अशी जागा मिळाली ती पन्नाशीला, जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर, आणि तीही सरकारची. पण तिथे तिला मीठ कुठे ठेवलंय असं कुणी विचारत नव्हतं. हरीण आलं तर आनंद होताच. नाही आलं तरी ती संध्याकाळी अशी उतरायची, जणू माहेरी चार दिवस राहून आली.

सरकारी रानातलं झाड कायद्याने कुणाचंच नाही. पण कायदा राजधानीत बसतो आणि हरणं इथे हिंडतात. आमच्यातली रीत अशी, की जागा शोधेल त्याची, पण त्याचं मचाण झाडावर आहे तोवरच. मोसम उघडताना झाड रिकामं दिसलं की जागा मोकळी. मग तिथे कुणी बसलं तर आधीच्याने ब्र काढायचा नाही. कोण कुठे बसतं हे विचारायचंही नाही. ते म्हणजे सुनेला दिवस गेलेत का, हे चारचौघांत विचारण्यासारखं. मात्र एका माणसाला सांगून जायचं. माणूस झाडावरून पडतो, पट्ट्यात अडकून लोंबकळत राहतो, पाय मोडून बर्फात पडतो. अंधार पडला तरी परतला नाही तर कुठे शोधायचं, हे एकाला तरी ठाऊक हवं. आणि ज्याला सांगितलं त्याने ते पोटात ठेवायचं.

पुरुष बायकोला सांगतात. मार्लिसला नवऱ्याला सांगण्याची सोय नव्हती. ग्लेन माणूस वाईट नाही, पण दुसऱ्या बिअरनंतर त्याच्या पोटात बिअरशिवाय काही राहत नाही. म्हणून तिने डार्लाला सांगितलं.

डार्ला पेल्टियर शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्या शेजारी उभी राहून मुलांच्या ताटात बटाटे वाढायची. नवऱ्यापासून सुटलेली, मोठ्याने हसणारी, भित्री. बंदूक धरायला तिला मार्लिसने शिकवलं. वारा कसा बघायचा, हरीण कसं साफ करायचं, सगळं शिकवलं. एकदा हात धरून माळ्यापर्यंत नेलं आणि झाड दाखवलं. पण एकटं बसणं डार्लाला कधी मानवलं नाही. ती काकाच्या शेताच्या कडेला एका लाकडी खोपीत बसायची आणि दर थोड्या वेळाने फोनवर लिहायची, थंडीने मेले गं, तुझं काय? तिला शिकारीपेक्षा शिकारीनंतरच्या गप्पा हव्या असत. मार्लिसला हे माहीत होतं आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

मग एका वसंतात मार्लिसचा उजवा गुडघा बदलावा लागला. डॉक्टरने वर्षभर चढायला बंदी केली. मार्लिसने त्याच्याशी हुज्जत घातली, कोर्टात घालावी तशी: चढायचं नाही म्हणजे किती चढायचं नाही? तिचं जुनं मचाण लोखंडी आणि अवजड. हल्ली म्हणे हलकीफुलकी निघाली आहेत, पाठीवर टाकून नेता येतात. एखादं गुडघ्याला चालेल असं असेलच की. डार्ला म्हणाली, बघू ना, माझ्या अंगणात सगळं आणून बघू.

उन्हाळा सरता सरता डार्लाच्या अंगणात बाजार मांडला गेला. काही उसनं, काही पसंत नसल्यास परत करण्याच्या बोलीवर आणलेलं. पहिलं होतं ते झाडाला मिठी मारून अळीसारखं सरकत चढायचं मचाण. त्याला गुडघा पोटाशी घ्यावा लागतो. मार्लिसचा अर्ध्यात थांबला. दुसरं ॲल्युमिनियमचं, एका हाताने उचलावं इतकं हलकं, सोबत झाडाला आवळायच्या तुकड्या-तुकड्यांच्या शिड्या. पण ते बांधताना शिडीवर एका पायावर उभं राहावं लागे, आणि नेमका तो पाय कोणता असावा यावर दोघींचं एकमत होईना. तिसरं होतं खोगीर. कमरेला पट्टा बांधायचा, झाडाला दोर बांधायचा आणि पाय बुंध्याला टेकवून मागे रेलून लोंबकळायचं. सगळं मिळून एका पिशवीत मावतं. मार्लिस मेपलच्या झाडाला लटकली आणि सावकाश गोल फिरू लागली. शेजारचा म्हातारा कॉफीचा कप घेऊन मुद्दाम बाहेर येऊन बसला. डार्ला हसून हसून गवतावर आडवी झाली.

"घोड्यावर खोगीर घालतात हे पाहिलं होतं," ती म्हणाली, "इथे खोगिराने घोडी टांगलीय."

पण मार्लिसला ते खोगीरच आवडलं होतं. लटकायला गुडघा कुठे लागतो, असं तिचं म्हणणं. डार्ला उठून बसली. लटकायला नाही, चढायला लागतो, ती म्हणाली; आणि दोराला लोंबकळणारी म्हातारी शोधत मला रानात पाठवू नकोस. मग तिने चौथी वस्तू काढली, छत्रीसारखा उघडणारा कापडी आडोसा. तो मार्लिसच्या तोंडावर फाडकन उघडला आणि पुन्हा मिटायचं नाव घेईना. वाऱ्याने उचलला तो म्हाताऱ्याच्या टोमॅटोंवर जाऊन बसला. शेवटी उरलं एक पाठ टेकायचं बुटकं स्टूल आणि पानापाचोळ्याच्या रंगाची जाळी. दोन्ही मिळून बटाट्याच्या पिशवीपेक्षा हलकं.

डार्लाने त्या दिवशी मार्लिसला जे समजावलं त्यात एक शब्द चुकीचा नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. जमिनीवर बसलं तर वारा बदलला की उठून जागा बदलता येते. पडलेल्या झाडाच्या मुळांचा गड्डा पाठीशी असला की माणूस दिसत नाही. हरीण जवळून येतं, नेम सोपा. यंदाचं वर्ष धारेच्या खाली, ओढ्याकाठी बस. गुडघा नीट झाला की पुढच्या वर्षी वर. मार्लिसने शेवटचं एकदा खोगिराकडे पाहिलं आणि स्टूल ठेवून घेतलं.

जुनं मचाण झाडावर तसंच राहू द्यावं असं तिच्या मनात होतं. डार्लाने ऐकलं नाही. साळिंदरं पट्टे कुरतडतात, आणि मचाण दिसलं की तू चढणार, मी ओळखते तुला. मार्लिसला हसू आलं, कारण खरंच होतं ते. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा दोघी गेल्या. डार्ला, जी एरवी खुर्चीवर चढून दिवा बदलायला भिते, ती वर चढली आणि तिने पट्टे सोडले. मार्लिस खाली उभी राहून एकेक तुकडा झेलत होती.

"एका मोसमापुरतं हं," मार्लिस म्हणाली.

"मोसमापुरतंच गं," डार्ला वरून म्हणाली.

रिकाम्या झाडाची जागा मोकळी होते हे मार्लिसला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ती जागा जिला ठाऊक होती ती एकच बाई वरून तिच्या हातात पट्टे देत होती. मग भ्यायचं कुणाला?

त्या वर्षी डार्ला म्हणाली, यंदा मला शिकारीचं जमणार नाही, ग्रीन बेला बहिणीकडे जाते आहे, तिचं ऑपरेशन आहे. मार्लिसने बहिणीसाठी ब्लूबेरी-पाय भाजून पाठवला. पंधरा तारखेला उजाडायच्या आत ती ओढ्याकाठी पोचली, उन्मळलेल्या स्प्रूसच्या मुळांना पाठ लावून बसली आणि रीतीप्रमाणे डार्लाला फोनवर कळवलं, ओढ्याच्या वळणावर आहे. डार्लाचं उत्तर लगेच आलं: तिथेच बस, जपून.

आणि खरं सांगायचं तर मार्लिसला खाली बसणं आवडलं. वरून पाहताना हरणाची पाठ दिसते. इथे एक मादी इतकी जवळ आली की तिच्या नाकातली वाफ दिसली. मार्लिसने बंदूक उचलली नाही, नुसतं बघत राहिली. डार्लाला हे सांगायला हवं, तिच्या मनात आलं. तेवढ्यात धारेकडून बार झाला. मादी उधळली.

बार कुठून झाला हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने मनाची समजूत घातली, सरकारी रान आहे, कुणी वाटसरू शिकारी असेल. पण बूड स्टुलावर टिकेना. शेवटी तिने जाळी गुंडाळली आणि नवा गुडघा सांभाळत चढण चढू लागली.

आधी शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या दिसल्या. हेमलॉकला कॅम्पची लोखंडी शिडी लागलेली, तिच्या टोकाला खुर्ची. खाली बर्फात मोठ्या शिंगांचा नर पडला होता. वेस सुरी पुसत होता. ग्लेन शिंगांना दोर बांधत होता, आणि दोराचं दुसरं टोक धरून डार्ला उभी होती. तिच्या डोक्यावर वेस फक्त कॅम्पवाल्यांना वाटतो ती टोपी होती.

आधी वेस बोलला. "सरकारी रान आहे, मार्लिस."

"तुला कुणी विचारलंय?" ती डार्लाकडे बघत होती. "तू ग्रीन बेला आहेस ना?"

डार्लाने दोर खाली टाकला आणि पुन्हा उचलला. "सांगणारच होते तुला."

ग्लेन मध्ये पडला. त्या बापड्याला खरंच वाटत होतं की काहीतरी गैरसमज झालाय आणि तो मिटवता येईल. "अगं, तूच सोडलीस ना जागा? डार्ला म्हणाली, मार्लिस आता खालीच बसणार, मचाणसुद्धा उतरवलंय. आम्ही आधी येऊन बघितलं. झाड रिकामंच होतं."

"हे झाड माझं होतं, हे तुला ठाऊक होतं?"

"म्हणजे... डार्लाने सांगितलं तेव्हा कळलं."

"आणि मग रोज माझ्या शेजारी झोपलास. एकदाही विचारावंसं वाटलं नाही, खरंच सोडलीस का म्हणून?"

"विचारायचं नसतं ना," ग्लेन म्हणाला. "रीत आहे."

मार्लिसला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. पण रीतीने तिचेच हात बांधले होते. मचाण तिने स्वतः उतरवलं होतं, स्वतःच्या हाताने झेललं होतं. वेसने एक दिवसही शोध न घेता आयत्या बिळात नागोबा होऊन बसावं, आणि तक्रार करायला तिला तोंड राहू नये! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणारी तिची मैत्रीण होती आणि बघत उभा होता तो तिचा नवरा. तिथे रडायचं नाही एवढंच तिने ठरवलं. वळली आणि आली त्या वाटेने उतरली. रडली ती खाली ओढ्याशी पोचल्यावर, तोंडावर हातमोजा दाबून.

ग्लेन तीन दिवसांनी घरी आला. तोवर त्याचं अंथरूण बाहेरच्या सोफ्यावर गेलं होतं. तो समजावायला आला की ती नळ सोडायची. भांडी नसली तरी सोडायची.

डार्लाची गाठ पडली ती शाळा उघडल्यावर, बटाटे कुस्करताना. मार्लिसने ठरवलं होतं की बोलायचंच नाही. पण तोंडातून निघून गेलं, "मिळाला बिछाना?"

"मिळाला," डार्ला म्हणाली. "खिडकीजवळचा."

मग तिने सगळं सांगितलं, लपवलं नाही. वेसला तिने उन्हाळ्यातच विचारलं होतं, मला कॅम्पवर घ्याल का. वेस म्हणाला होता, इथे प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो. कुणी लाकडं आणतो, कुणी व्हिस्की. तू काय आणशील?

"आणि तू माझं नेलंस."

"यंदा तू त्याचं काय करणार होतीस, मार्लिस? आणि गुडघ्याचं मी काही खोटं सांगितलं का? चढली असतीस तर पडली असतीस."

"तेच तर. खोटं बोलली असतीस तर मी ओळखलं असतं."

डार्लाने हातातला चमचा ठेवला. "तुला एकटं बसायला आवडतं. मला नाही गं आवडत. मला चार माणसांत बसून पत्ते खेळायचे होते. तू त्यांच्याकडे कधी मागितलंस? नुसती रागावलीस आणि झाडावर जाऊन बसलीस. मी मागितलं."

हा घाव वर्मी बसला. मार्लिसने खरंच कधी मागितलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या बंद दारावर तिने एकदाही थाप मारली नव्हती. तिने पुन्हा बटाटे कुस्करायला घेतले.

"मागितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पण द्यायचं होतं तर तुझं द्यायचंस. मी पडले तर उचलायला येशील, म्हणून तुला सांगितलं होतं मी. त्यासाठी फक्त."

डार्ला रडायला लागली. मुलांची रांग दाराशी आली होती, म्हणून मार्लिसने तिला बाजूला सरकवलं आणि वाढायला घेतलं. त्या अजून शेजारीशेजारी उभ्या राहतात. मीठ दे, ट्रे सरकव, एवढं बोलतात. लोक म्हणतात, बायकांची भांडणं, मिटतील. लोकांना काय जातंय म्हणायला.

पुढच्या वर्षी डॉक्टरने चढायची परवानगी दिली. वेसने ग्लेनबरोबर निरोप धाडला की माळा परत घे हवं तर, आणि एक बिछानाही मोकळा आहे. मोठं मन त्याचं! दुसऱ्याचं लुटून दुसऱ्यालाच दान. मार्लिसने निरोपाला उत्तर दिलं नाही, आणि ती चढलीही नाही. आता ती स्टूल आणि जाळी घेऊन जमिनीवरच बसते, दर दिवशी दुसरीकडे. उठताना बर्फ हाताने सारखा करून येते. झाडावर पट्ट्याचा वळ राहत नाही की कुणाला दाखवावी अशी जागा राहत नाही.

पंधरा तारखेच्या पहाटे ग्लेन दाराशी येऊन उभा राहिला. तो त्या वर्षी कॅम्पवर गेला नव्हता. तिने जा म्हटलं नव्हतं, राहा असंही म्हटलं नव्हतं.

"कुठे बसणार आहेस?" त्याने विचारलं.

"रानात."

"अगं, एकाला तरी ठाऊक हवं. तुला काही झालं तर मी कुठे शोधू?"

मार्लिस बुटांच्या नाड्या आवळत होती. "मागच्या वर्षीचं झाड तरी तुम्ही कुठे शोधलं होतंत? कुणी सांगितलं म्हणून मिळालं. या खेपेला सांगणारं कुणी नाही. आता शोध."

ती निघून गेली. ग्लेनला खिडकीतून तिचा दिवा रस्त्यापर्यंत दिसला, पण पुढे ती डावीकडे वळली की उजवीकडे, हे त्याला कळलं नाही. पाय घसरून ओढ्यात पडले तर कुणी येणार नाही, हे मार्लिसला पुरतं ठाऊक आहे, आणि तिला त्याची भीती वाटते. तरी ती कुणाला सांगत नाही.